हनुवटीखालचा दिवा

गेल्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी साडेसातचा सुमार. बाहेर पाऊस कोसळत होता आणि वीज गेलेली होती. मी चहाचा कप सांभाळत, भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीकडे निघालो होतो. एवढ्यात दाराआडून माझा नऊ वर्षांचा नातू पुढे आला. त्यानं मोबाईलचा दिवा आपल्या हनुवटीखाली धरला होता. तो ओरडलासुद्धा नाही. नुसतं हळूच "आजोबा" म्हणाला.

माझ्या हातातला कप खाली पडला आणि मी मटकन जमिनीवर बसलो.

पाच मिनिटांनी वीज आली तेव्हा सगळं घर हसत होतं. सूनबाई कपाचे तुकडे गोळा करता करता हसत होत्या. आमची ही तर डोळे पुसत म्हणाली, "सत्त्याहत्तरी गाठलीत, आणि पोराच्या टॉर्चला भिता होय!" मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला? पण त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. कारण माझ्या नातवाच्या जागी त्या क्षणी मला दुसराच एक चेहरा दिसला होता. तो चेहरा माझ्या आजीचा होता, आणि त्या चेहऱ्याचं मी एक देणं लागतो.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोन-अडीच कोस आत. ओटी, माजघर, मागची पडवी, पडवीच्या पायऱ्या उतरलं की गोठा. वीज गावात यायला अजून बरीच वर्षं होती. संध्याकाळ झाली की ओटीवर एक कंदील, माजघरात एक कंदील आणि स्वयंपाकघरात रॉकेलची चिमणी, एवढीच आमची रोषणाई. माझी आजी ऐन पंचविशीत विधवा झालेली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे केशवपन झालेलं, अंगावर लाल आलवण. दिवसा ती मला मुळीच भीतिदायक वाटत नसे. उलट फणसपोळीचा डबा तिच्या ताब्यात असल्यामुळे दिवसभर मी तिच्याच मागे मागे असे.

1956 सालच्या थंडीत एका रात्री मला जाग आली. शेजारी आई नव्हती. गाय विण्याच्या बेतात होती, त्यामुळे मोठी माणसं गोठ्यात गेली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चाचपडत मागच्या दाराशी आलो. खालच्या पायरीवर कंदील ठेवलेला होता आणि आजी त्याच्यावर वाकून वात सारखी करत होती. माझी चाहूल लागली तशी तिनं मान वर केली.

तो चेहरा मी ओळखला नाही. हनुवटी आणि नाकपुड्या झगझगत होत्या, डोळ्यांच्या जागी दोन खळगे होते, नाकाची सावली कपाळावर चढली होती. आणि तिच्यामागे गोठ्याच्या भिंतीवर, थेट वाशांपर्यंत, आलवण घेतलेली एक अवाढव्य आकृती वाकली होती. मी किंकाळी फोडली. दोन दिवस मला ताप होता. माझी दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेऊन आजीच आली, तेव्हा मी आणखी मोठ्यानं रडलो.

त्यानंतर मी आजीजवळ गेलो नाही. ती फणसपोळी पुढे करी आणि मी आईच्या पदराआड जाई. "आठ वर्षांचं पोर आहे, विसरेल," असं ती आईला म्हणे. मी विसरलो नाही. पुढच्या पावसाळ्यात ती आजारी पडली. शेवटच्या रात्री तिनं माझं नाव घेतलं आणि आईनं मला हाताला धरून माजघराच्या दाराशी आणलं. आजीच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून आईनं चिमणी जमिनीवर, पायथ्याशी ठेवली होती. पुन्हा तोच खालून येणारा उजेड, पुन्हा तेच खळगे. आजीनं मला बोलावण्यासाठी हात उचलला. मला तो हात दिसलाच नाही. मला दिसली ती भिंतीवरून माझ्याकडे सरकत येणारी लांबलचक बोटांची सावली. मी आईचा हात सोडवून पळालो आणि ओटीवर घोंगडीत तोंड खुपसून झोपलो. पहाटे आजी गेली.

अकरा वर्षांनी, 1968 साली, ती सावली मला पुन्हा भेटली.

मी तेव्हा पुण्यात एका कचेरीत नुकताच चिकटलो होतो. माझ्या एका मित्राला फिल्म सोसायटीचं वेड होतं. दर पंधरवड्याला तो मला कुठल्या ना कुठल्या सभागृहात नेऊन लोखंडी खुर्चीवर बसवी आणि मला न समजणारा एखादा परदेशी चित्रपट दाखवी. त्या रविवारी जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ याचा 1922 सालचा 'नोस्फेरातू' हा मूकपट होता. रक्तपिपासू उमरावाची गोष्ट. पहिला बराच वेळ मी जांभया देत होतो. उमरावाचं टक्कल, टोकदार कान, उंदरासारखे दात, यांचं मला थोडं हसूच येत होतं. आणि मग शेवटाकडे तो जिना आला.

पडद्यावर उमराव नव्हताच. होती फक्त भिंत, जिन्याचा कठडा, आणि भिंतीवरून वर चढत जाणारी त्याची सावली. कुबड काढलेली, लांब नखांची. सावली दाराशी पोहोचते, हात पुढे करते, आणि तो हात लांब लांब होत जातो. मी उठून बाहेर आलो. मित्र मागोमाग आला. "बरं वाटत नाही का रे?" मी म्हटलं, "ही सावली माझ्या घरातली आहे." त्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

ह्या गोष्टीचा उलगडा मला पुढच्याच वर्षी एका अगदी गद्य ठिकाणी झाला. घरच्यांनी माझ्या लग्नाचं मनावर घेतलं होतं, आणि स्थळांकडे पाठवायला फोटो हवा होता. सदाशिव पेठेतल्या एका जिन्यावरच्या स्टुडिओत मी गेलो. फोटोग्राफर साठीचे गृहस्थ होते. उमेदीच्या काळात त्यांनी चित्रपटाच्या स्टुडिओत दिवे हलवण्याचं काम केलं होतं. मला पावडर लावायला सांगून ते दोन मोठ्या दिव्यांची मांडामांड करू लागले. सहज मी विचारलं, "इतका वेळ का लागतो? उजेड पडला म्हणजे झालं!"

त्यांना हा प्रश्न झोंबला असावा. त्यांनी खोलीतले बाकीचे दिवे घालवले, भिंतीवरचा आरसा काढून माझ्यासमोर धरला आणि एकच दिवा हातात घेतला. "हा पाहा, वरून आणि जरा बाजूनं," ते म्हणाले. आरशात एक बरा दिसणारा तरुण होता. "आता फक्त बाजूनं." माझा अर्धा चेहरा नाहीसा झाला, आणि उरलेला अर्धा काहीतरी लपवतोय असं वाटू लागलं. "आता मागून." चेहराच गेला. कडेनं उजळलेली काळी आकृती तेवढी राहिली. ती मी होतो की आणखी कुणी, हे माझं मलाही सांगता आलं नसतं. "आणि आता," ते खाली बसत म्हणाले, "हा जमिनीवरून."

आरशातून माझी आजी माझ्याकडे पाहत होती.

नाक तिचं, गालांची हाडं तिची. एरवी ती माझ्या चेहऱ्यात कुठंतरी लपून असत, त्या दिव्यानं ती बाहेर काढली. तेच दोन खळगे, तीच कपाळावर चढलेली नाकाची सावली. मी थरथरत होतो, पण ह्या वेळी पळालो नाही. पळणार कुठं? तो चेहरा माझाच होता. फोटोग्राफर आपल्याच नादात सांगत होते, "जन्मापासून आपण माणसांचे चेहरे वरून आलेल्या उजेडात पाहतो. सूर्य वर, घरातला दिवाही बहुधा वरच. भुवयांची सावली डोळ्यांवर, नाकाची ओठांवर, ही आपली ओळखीची मांडणी. ती उलटी केली की ओळखीचा माणूससुद्धा परका होतो. आणि माणूस दिव्याच्या जितका जवळ, तितकी त्याची सावली मोठी. भूत उभं करायला आम्हाला भूत लागत नाही हो. दिवा कुठं ठेवायचा तेवढं कळलं की झालं."

फोटो चांगला आला. लग्नही जमलं. पण त्या दिवसापासून मी भयपट पाहू लागलो ते दिवा शोधण्यासाठी. पडद्यावर काही भयंकर घडू लागलं की मी मनाशी विचारतो, दिवा कुठं ठेवलाय? हिच्यासारख्या माणसाला ह्याचा फार त्रास होतो. लग्नानंतर दोन वर्षांनी एका मॅटिनीला आम्ही 1949 सालचा 'महल' पाहिला. ही माझा दंड घट्ट धरून बसलेली आणि मी तिच्या कानात, "बघ, खांबामागे दिवा आहे!" तिनं मला चिमटा काढला होता.

पण 'महल' आहेच तसा. कमाल अमरोहींचं दिग्दर्शन आणि योसेफ विर्शिंग ह्या जर्मन छायाचित्रकाराचा कॅमेरा. हा म्युनिकचा माणूस आयुष्यातली बरीच वर्षं भारतात राबला आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये त्यानं आपल्या लोकांना सावल्यांची भाषा दाखवली. ओसाड हवेली, झोपाळ्यावरची दूरची आकृती, आणि तिच्यामागे अंधारात वेडा झालेला नायक. शेवटी कळतं की ते भूत म्हणजे माळ्याची पोर. मधुबालेच्या चेहऱ्यात भिण्यासारखं काय असणार? पण तिला दूर ठेवली, कधी जाळीआड, कधी धुक्याआड. नायक जवळ जाईपर्यंत ती तिथून गेलेली. सगळं भय त्या अंतराचं.

हळूहळू मला कळू लागलं की दिवा ही अर्धीच गोष्ट आहे. चौकट ही दुसरी अर्धी. चित्राच्या चौकटीत माणूस कुठं उभा केला आणि रिकामी जागा कुठं सोडली, ह्यावर सगळं असतं. बाईला चौकटीच्या एका कडेला बसवा आणि तिच्या पाठीमागचं अंधारं दार उघडं राहू द्या. तिच्याकडे कुणीही पाहणार नाही. अख्खं थिएटर त्या दारावर पहारा करत बसेल. 1961 सालच्या 'द इनोसंट्स' ह्या इंग्रजी चित्रपटात तर भरदिवसा, तळ्याच्या पलीकडच्या काठाला, लव्हाळ्यात एक काळ्या कपड्यातली बाई नुसती उभी आहे. ती पुढे येत नाही, काही करत नाही. फक्त फार दूर आहे. त्या चित्रपटाचा छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस ह्यानं रुंद पडद्याच्या दोन्ही कडा काळ्या करण्यासाठी काचेच्या फिल्टरांना हातानं रंग दिला होता. त्यामुळे त्या बंगल्यात वावरणाऱ्या बाईभोवती सतत अंधार दबा धरून बसल्यासारखा वाटतो.

हिचकॉकची करामत सांगितली की आमची ही अजून वैतागते, कारण ती स्वयंपाकघरातली आहे. 1941 सालच्या त्याच्या 'सस्पिशन'मध्ये नवरा बायकोसाठी रात्री दुधाचा पेला घेऊन जिना चढतो. दुधात विष असेल का, हा प्रश्न. जिना अंधारा, भिंतींवर जाळीसारख्या सावल्या, आणि अंधारात चमकतोय तो फक्त पांढराशुभ्र पेला. हिचकॉकनं पेल्याच्या आत चक्क एक बारीक दिवा सोडला होता! घरोघरी रात्री दुधाचा पेला नेला जातो, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. उजेड पेल्यात शिरला मात्र, आणि दूध विषारी झालं. त्याच्याच 1960 सालच्या 'सायको'त तळघरातला टांगता दिवा हेलकावे खातो, आणि खुर्चीतल्या वाळलेल्या म्हातारीच्या डोळ्यांच्या खाचांतून उजेड-सावली अशी फिरते की मेलेली म्हातारी हसतेय असं वाटावं.

म्हातारी! वाचकांच्या लक्षात आलं असेल, ह्या साऱ्या भयाच्या बाजारात म्हाताऱ्या बायकांची फार गर्दी आहे. मलाही ते लक्षात आलं, पण फार उशिरा, 2018 साली. त्या वर्षी 'तुंबाड' आला. राही अनिल बर्वे ह्यांचा हा चित्रपट आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाचं नाव घेऊन आला, म्हणून मी मुद्दाम पाहायला गेलो. खरा पाऊस हवा म्हणून कित्येक पावसाळे थांबून तो चित्रित केलेला. आभाळ काळं, घरं ओली, आत दिव्यांचा पिवळा उजेड. आणि पहिल्याच भागात एका बंद खोलीत साखळदंडानं बांधलेली एक भयंकर म्हातारी, आणि तिला सांभाळायची पाळी आलेलं एक लहान पोर.

मी खुर्चीचे दोन्ही हात धरून तो भाग पाहिला. माझी सवय मला उपयोगी पडली नाही. दिवा कुठं आहे हे दिसत होतं आणि तरीही मी आठ वर्षांचा झालो होतो. घरी आल्यावर मुलानं मला एक माहिती वाचून दाखवली, की त्या म्हातारीचं काम मोहम्मद समद नावाच्या एका मुलानं केलं आहे. अंगावर रंगरंगोटीचे थर चढवून एक पोर त्या म्हातारीच्या आत बसलं होतं. ही माहिती ऐकून घरातले सगळे "अरे वा!" म्हणाले. मी उठून गॅलरीत गेलो. माझ्या आजीच्या आतही एक पोरच बसलं होतं. ते मी होतो.

एवढं सगळं कळून फायदा काय, असं कुणी विचारील. आजीचा एकही फोटो नाही. तशा बायकांचे फोटो काढण्याची रीत नव्हती. तिची माझ्यापाशी असलेली एकुलती एक तसबीर त्या रात्रीच्या कंदिलानं काढलेली आहे, आणि ती खोटी आहे. तिच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून मायेनं जमिनीवर ठेवलेली ती चिमणी कुणी उचलून कोनाड्यात ठेवली असती, तर मी तिच्या अंथरुणाजवळ गेलो असतो. एवढंसं काम. पण ते कुणाला सुचावं कसं? उजेड कुठून येतो ह्याचा विचार घरातली माणसं करत नाहीत. तो विचार सिनेमावाले करतात.

त्या श्रावणातल्या रात्री झोप येईना म्हणून मी हेच घोळवत पडलो होतो, आणि पहाटे केव्हातरी मला एक जुनी गोष्ट आठवली. कंदिलाच्या रात्रीच्या आदल्या वर्षीची नरकचतुर्दशी. न्हाणीघरात चुलाणं पेटलेलं, वर तांब्याचा हंडा, आणि मी पाटावर कुडकुडत बसलेला. आजी मला तेल लावत होती. बाकी सगळा अंधार. उजेड होता तो फक्त चुलाण्याच्या जाळाचा, म्हणजे जमिनीवरूनच येणारा! तिच्या नाकाची सावली तेव्हाही कपाळावर चढलेली असणार, डोळ्यांचे खळगे झालेले असणार, भिंतीवर तीच अवाढव्य आकृती हलत असणार. आणि मला भीतीचा मागमूस नव्हता. कारण तिचा तेलकट हात माझ्या डोक्यावर होता, आणि "डोळे मीट रे, शिकेकाई जाईल," असं ती म्हणत होती.

फोटोग्राफर बरोबर सांगत होते, पण पुरतं सांगत नव्हते. नुसत्या खालच्या दिव्यानं भूत होत नाही. माणूस हाताच्या अंतरापलीकडे असावा लागतो. सिनेमा आपल्याला खुर्चीत बसवतो आणि पडद्याला हात लावू देत नाही, म्हणून तो आपल्याला हवं तितकं भिववू शकतो. मी मात्र थिएटरात नव्हतो. मागच्या दारापासून त्या पायरीपर्यंत चार पावलं होती. माजघराच्या दारापासून अंथरुणापर्यंत पाच-सहा असतील.

सकाळी नातवाला जवळ बोलावलं. त्याला वाटलं मी रागावणार. मी म्हटलं, "रात्रीचा तुझा तो प्रयोग पुन्हा करून दाखव." खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. त्यानं दिवा हनुवटीखाली धरला. मी जागचा हललो नाही. मग दोन पावलं पुढे गेलो आणि त्याच्या गालावर हात ठेवला. गाल गरम होता. "आता भीती वाटली नाही?" तो जरा हिरमुसून म्हणाला. "वाटली," मी म्हटलं, "पण तू जवळ होतास."

आज ह्या ओळी लिहितो आहे तेव्हा बाहेर गॅलरीत ही आणि सूनबाई पणत्या मांडताहेत. पणत्या जमिनीवरच असतात. सगळा उजेड खालून. तरी दिवाळीत कुणाचा चेहरा भयंकर दिसत नाही, कारण एका पणतीची सावली दुसरी पुसते, आणि माणसं एकमेकांना खेटून उभी असतात. नातवानं एक पणती हातात घेतली आहे आणि मला हाका मारतो आहे. तेलाचा हात माझ्या सदऱ्याला लागणार, हे ठरलेलंच. जातो.